ग्रंथपालांची लंगडी

बाई वाचनालयाचा जिना कधी सरळ चढल्या नाहीत. सोळा पायऱ्या होत्या. प्रत्येक पायरीवर एका पुस्तकाचं नाव घ्यायचं, काल घेतलेलं नाव आज चालायचं नाही आणि अडलं की खाली उतरून पहिल्यापासून सुरुवात, असा त्यांचा स्वतःशीच नियम होता. सकाळी साडेसातला दार उघडायचं असे आणि किल्ली त्यांच्या पर्समध्ये. वर दाराशी सभासद पिशव्या घेऊन ताटकळलेले आणि बाई तेराव्या पायरीवर डोळे मिटून उभ्या, हे मी कितीतरी वेळा पाहिलं आहे. एकदा एक पेन्शनर आजोबा कंटाळून वरून म्हणाले, "अहो मॅडम, मी सांगतो एक नाव, पण वर या."

"मधे सांगितलेलं चालत नाही," बाई म्हणाल्या. "आणि तुम्ही सांगाल ते पुस्तक चार महिन्यांपासून तुमच्याच घरी असेल."

आणि खाली उतरून पुन्हा पहिल्या पायरीवर गेल्या.

त्या आमच्या वाचनालयाच्या ग्रंथपाल होत्या. विश्रांतवाडीत आळंदी रस्त्याला लागून एक जुनी इमारत होती. खाली वर्तमानपत्रं वाचायची खोली, वर पुस्तकं देण्याघेण्याचं टेबल आणि त्याला लागून मुलांची खोली. मी तिथे शिपाई होते. झाडायचं, पाणी भरायचं, परत आलेली पुस्तकं कपाटात लावायची. माझी शाळा चौथीत सुटली, कारण आई कामावर जायची आणि धाकट्या भावंडांना कोणीतरी सांभाळायला हवं होतं. वाचता येत होतं, पण मनातल्या मनात. चारचौघांत मोठ्याने वाचायचं म्हटलं की घसा बंद व्हायचा. बोलायचं म्हटलं तरी तेच.

पहिल्याच दिवशी बाई मला म्हणाल्या, "अहो ताई, ती खिडकी उघडता का?"

मी पन्नाशीच्या बाईंच्या तोंडून 'अहो' ऐकून संकोचले. म्हटलं, "बाई, मला अगं म्हणा."

"का? तुम्ही मला अगं म्हणणार आहात का?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

"मग उघडा खिडकी, अहो ताई."

बाई ठेंगण्या होत्या. सुती साडी घोट्याच्या वर नेसायच्या आणि खाली पांढरे कॅनव्हासचे बूट घालायच्या. बूट का, असं कोणी विचारलं की म्हणायच्या, "पळावं लागलं तर." मोपेडवरून यायच्या. त्यांच्या पर्समध्ये रुमाल कधी सापडायचा नाही. खडू असायचा, पाच सागरगोटे असायचे आणि घासून घासून गुळगुळीत केलेली कौलाची एक ठिकरी असायची. एकदा बँकेत सही करायला पेन काढताना ती ठिकरी काउंटरवर पडली. कारकुनाने विचारलं, "हे काय?" तर म्हणाल्या, "आमचं अवजार आहे."

मला पुस्तकं लावायला त्यांनी कसं शिकवलं ते सांगते. पुस्तकाच्या पाठीवर आकडे असतात आणि त्या आकड्यांच्या क्रमाने ती लावायची असतात. पहिल्या आठवड्यात ते आकडे पाहून मला रडू यायचं. बाईंनी समजावून वगैरे काही सांगितलं नाही. रोज सकाळी त्या एका कपाटात एक पुस्तक मुद्दाम चुकीच्या जागी घुसवायच्या आणि म्हणायच्या, "ताई, आज प्रवासवर्णनांत एक घुसखोर शिरलाय. चहाच्या आत पकडलात तर चहा मी करणार. नाही सापडला तर तुम्ही." पहिला महिनाभर चहा मीच केला. मग हळूहळू घुसखोर सापडायला लागले. सहा महिन्यांनी मी फडकं मारता मारता पकडायचे. पुढे कित्येक वर्षं चहा बाईच करत होत्या, आणि फार वाईट करायच्या. चहा वाईट लागला की मला उलट आनंदच व्हायचा.

वाचनालयात 'शांतता राखा' अशी पाटी असते. आमच्याकडेही होती. बाईंनी ती काढून जिन्याखाली ठेवली. अध्यक्षांनी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "वाचनालयात शांतता असते तेव्हा एक तर सगळे वाचत असतात, नाहीतर कोणी आलेलंच नसतं. आधी कुठली ते बघा, मग पाटी लावू."

मुलांची खोली हा त्यांचा जीव होता. तिथे कपाटं नव्हती. मार्केट यार्डातून सफरचंदांच्या रिकाम्या लाकडी पेट्या टेम्पोने आणल्या होत्या आणि त्या भिंतीलगत जमिनीवर आडव्या ठेवल्या होत्या, म्हणजे पाच वर्षांच्या मुलाचाही हात पोचेल. बुधवार पेठेतून छोटे दिवे, वायरी आणि बॅटरी आणून त्यांनी एक फळा केला होता. डावीकडे प्राण्याचं चित्र, उजवीकडे त्याच्या घराचं नाव, दोन्हीकडे बरोबर वायर लावली की दिवा लागायचा. आणि खोलीच्या मधोमध खडूने आखलेले ठिकरीचे आठ चौकोन.

ही ठिकरी म्हणजे आपण अंगणात खेळतो तीच, पण बाईंनी तिला पुस्तकं जोडली होती. प्रत्येक चौकोनात एक चित्र. कोल्हा म्हणजे गोष्टी, चांदणी म्हणजे विज्ञान, होडी म्हणजे प्रवास, अशी. तीच चित्रं पेट्यांवर. मुलाने ठिकरी टाकायची. ज्या चौकोनात पडेल तिथवर लंगडी घालत जायचं, त्या चित्राच्या पेटीतून कुठलंही पुस्तक उचलायचं, परत लंगडीने चौकोनात यायचं आणि एका पायावर उभं राहून पुस्तकातलं पहिलं वाक्य मोठ्याने वाचायचं. पाय टेकला किंवा रेषेवर पडला की बाद. वाक्य ऐकून बाकीची मुलं "पुढे?" असं ओरडली, तर ते पुस्तक त्या मुलाने घरी न्यायचं आणि दुसऱ्या दिवशी पुढचं सांगायचं. एवढाच खेळ. पण मी पाहिलं आहे, एरवी पुस्तकाला हात न लावणारी मुलं 'पुढे?' मिळावं म्हणून पेट्यांसमोर बसून दहा-दहा पुस्तकांची पहिली वाक्यं आधीच तपासून ठेवायची.

एक वडील एकदा तावातावाने जिना चढून आले. "मुलाला मी अभ्यासाला पाठवतो आणि तुम्ही त्याला लंगडी घालायला लावता?"

"दोन पायांवर उभं राहून त्याने आजवर किती पुस्तकं वाचली?" बाईंनी विचारलं.

ते वडील मुलाचं सभासदत्व वाढवून घरी गेले.

शहरातल्या आणि तालुक्यांतल्या ग्रंथपालांसाठी दर वर्षी उजळणी वर्ग भरायचा. तीन दिवस व्याख्यानं. बाई दोन वर्षं पत्रं लिहीत होत्या की, यात एक दिवस खेळाचा ठेवा. ग्रंथपालाला खेळता आलं पाहिजे, नाहीतर तो मुलांना पुस्तकापर्यंत आणणार कसा, असं त्यांचं म्हणणं. शेवटी जिल्ह्याच्या कार्यालयाने त्यांना शेवटच्या दिवसाचे दोन तास दिले. बाई इतक्या खूश झाल्या की त्या दिवशी जिना तीनदा चढल्या. आम्ही दोघींनी मिळून महिनाभर पिशव्या शिवल्या. प्रत्येक पिशवीत पाच सागरगोटे, एक ठिकरी, हाताने काढलेला सापशिडीचा पट आणि कोड्यांच्या चिठ्ठ्या. बाईंनी दोन तास खेळ समजावून सांगितले, सगळ्यांनी वहीत उतरवून घेतले, टाळ्या वाजवल्या, पिशव्या घेतल्या आणि गेले.

तीन महिन्यांनी बाई म्हणाल्या, "चला ताई, बघून येऊ." एसटीने आम्ही एका तालुक्याच्या गावी गेलो. तिथले ग्रंथपाल पांढरी टोपी घालणारे, साठीला आलेले, अतिशय सज्जन गृहस्थ. सगळे त्यांना काका म्हणत. आम्हाला पाहून त्यांना फार आनंद झाला. "मॅडम, तुमचं साहित्य जपून ठेवलंय," म्हणाले आणि किल्ल्यांचा जुडगा घेऊन काचेच्या कपाटाकडे गेले.

कपाटात सागरगोटे ओळीने मांडले होते. प्रत्येकावर वाचनालयाचा जांभळा शिक्का आणि पांढऱ्या रंगाने दाखल क्रमांक. ठिकरीवरही शिक्का. सापशिडीच्या पटावर तर सापाच्या तोंडातच शिक्का बसला होता. खाली चिठ्ठी होती, 'फक्त संदर्भासाठी. बाहेर नेण्यास मनाई.'

"मुलं खेळतात का?" बाईंनी विचारलं.

"मुलांच्या हातात?" काका दचकले. "अहो मॅडम, एखादा सागरगोटा हरवला तर वार्षिक मोजणीत मी काय दाखवू?"

त्यांनी नोंदवही पण दाखवली. 'सागरगोटे, पाच नग, पाने नाहीत, बांधणी नाही.' अक्षर मोत्यासारखं होतं.

त्या आठवड्यात आम्ही आणखी तीन वाचनालयं पाहिली. एका ठिकाणी पिशवी उघडलीही नव्हती, पण तिच्यावरही क्रमांक होता. परतीच्या एसटीत बाई खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. मला वाटलं त्यांना रडू येतंय. शिवाजीनगरला उतरताना म्हणाल्या, "त्यांचं काही चुकलं नाही, ताई. चूक माझी. ग्रंथपालाला वस्तू दिली की तो शिक्का मारणारच, त्याचा धर्म आहे तो. पुढच्या वेळी शिक्का मारता येणार नाही असं काहीतरी द्यायचं."

पण पुढच्या वेळेआधीच मुलांची खोली जायची वेळ आली.

त्या वर्षांत आमच्या भागात गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघत होते. पाटीवर कॉम्प्युटर लिहिलं की रांग लागायची. शेतं होती तिथे काचेच्या इमारती उठत होत्या आणि प्रत्येक आईबापाला वाटत होतं की आपलं मूल त्या काचेच्या आत बसलं पाहिजे. आमचे अध्यक्षही त्याच विचाराचे. माणूस वाईट नव्हता. एक दिवस वर येऊन मुलांच्या खोलीच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, ही खोली क्लासवाल्यांना देऊ या. जमाना बदललाय. सफरचंदाच्या पेट्यांवर किती दिवस चालवणार?"

"पुस्तकं कुठे जातील?"

"माळ्यावर."

"आणि मुलं?"

अध्यक्ष खिडकीची रुंदी बघायला लागले. मी हातातला झाडू खाली ठेवला, तो पुन्हा उचलायचं मला भान राहिलं नाही.

बाईंनी भांडण केलं नाही. म्हणाल्या, "या महिन्यात ग्रंथपालांचा वर्ग आहे. या वेळी मी तो पूर्ण दिवसाचा मागून घेतलाय, आणि याच खोलीत. जिल्ह्याचे अधिकारी येणार आहेत. त्यांनी लिहून दिलं की ग्रंथपालांच्या शिक्षणासाठी ही खोली हवी, तर ठेवाल?"

अध्यक्षांनी हिशेबी माणसासारखी मान हलवली. "त्यांनी लिहून दिलं तर ठेवू. नाहीतर त्याच दिवशी चार वाजता क्लासवाले माप घ्यायला येतील."

"या," बाई म्हणाल्या. "पण बूट काढून या."

वर्गाच्या आदल्या दिवशी सकाळी बाई जिन्यावरून पडल्या. चौदाव्या पायरीवर नाव आठवेना म्हणून खाली उतरत होत्या, आणि उतरता उतरता ते आठवलं. आठवल्याच्या आनंदात पुन्हा वर वळल्या आणि पाय चुकला. उजवा पाय घोट्यात मोडला. दुपारी मी दवाखान्यात गेले तेव्हा प्लॅस्टर घातलेला पाय उशीवर ठेवून त्या म्हणाल्या, "उद्या लंगडी तुम्ही घालायची."

मी म्हटलं, "बाई, मला जमणार नाही. ते सगळे शिकलेले आहेत."

"म्हणूनच तर त्यांना जमत नाही."

"मला बोलता येत नाही हो लोकांपुढे."

"बोलू नका. लंगडी घाला. मागच्या वर्षी मी दोन तास बोलले, काय झालं ते बघितलंत ना? सापाच्या तोंडात शिक्का."

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी आमच्या बुद्धविहारातल्या सतरंज्या मागून आणल्या, खोली पुसली, चौकोन नव्याने आखले. साडेनऊला दोन माणसांनी बाईंना खुर्चीसकट उचलून वर आणलं. एका पेटीवर पाय ठेवून त्या भिंतीशी बसल्या. दहापर्यंत चाळीसएक ग्रंथपाल आले. पांढऱ्या टोपीचे काका पहिल्या ओळीत होते. त्यांनी वही उघडून विचारलं, "मॅडम, या वेळी साहित्य काय मिळणार?"

"खडू," बाई म्हणाल्या. "तोही इथेच संपवून जायचा."

जिल्ह्याचे अधिकारी उंच, शिडशिडीत आणि कमी बोलणारे होते. फाईल छातीशी धरून भिंतीला टेकून उभे राहिले. हजेरीचा कागद पुढे करून म्हणाले, "मार्गदर्शक म्हणून सही कोण करणार?"

बाईंनी माझ्याकडे बोट केलं.

"यांचं शिक्षण?"

"चौथी," बाई म्हणाल्या. "बिघडायला पुरेसा वेळ मिळाला नाही."

मागे कोणीतरी हसलं. मी सही केली. पदाच्या रकान्यात शिपाई लिहिलं. अधिकाऱ्यांनी ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि कागद फाईलमध्ये ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावरून मला वाटलं, खोली गेली.

मी चौकोनांपुढे उभी राहिले. चाळीस माणसं माझ्याकडे पाहत होती आणि प्रत्येकाच्या हातात वही आणि पेन. नमस्कार म्हणावं म्हणून तोंड उघडलं, आवाजच आला नाही. बाई मदत करतील म्हणून त्यांच्याकडे पाहिलं, तर त्या खिडकीबाहेर बघत होत्या, जणू कोणाची बस चुकत होती.

मग मी पदर खोचला आणि ठिकरी टाकली.

ती कोल्ह्यावर पडली. मी लंगडी घालत गेले, पेटीतून एक पुस्तक उचललं. ते मी शंभरदा लावलं होतं, त्याची पाठ हाताच्या ओळखीची होती. लंगडीने परत चौकोनात आले, एका पायावर उभी राहिले आणि पहिलं पान उघडलं. अक्षरं हलत होती. मी एकेक शब्द उचलत वाचायला लागले, "त्या गावात... एकच घड्याळ होतं... आणि ते... को... कोंब..."

"कोंबड्याच्या!" पुढून काका ओरडले.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो काका, तुमची पाळी आली की वाचा. मधे सांगितलेलं चालत नाही!"

सगळे हसले. काकाही. मलाही हसू आलं, पण पाय टेकू दिला नाही. मी वाक्य पुरं केलं, "आणि ते कोंबड्याच्या ताब्यात होतं."

मग मागच्या ओळीतून एका तरुण ग्रंथपाल मुलीचा बारीक आवाज आला, "पुढे?"

"हां, पुढे काय झालं?" आणखी कोणीतरी. आणि मग चांगले पाच-सहा जण, "पुढे? पुढे?"

मी पुस्तक मिटलं. "पुढचं उद्या. आता काका."

काका उठले. टोपी काढून पिशवीत ठेवली, धोतर वर खोचलं. ठिकरी टाकली ती होडीवर. दुसऱ्याच उडीला पाय टेकला. मी "बाद" म्हटलं तर वाद घालायला लागले, "अहो, टेकला नाही, नुसता लागला!"

"लागला म्हणजे टेकला!" मागून सगळे.

"पुन्हा एकदा टाकू द्या."

"रांगेत या, काका. मागून."

आणि साठीचे काका निमूटपणे रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. त्यानंतर कोणी वही उघडली नाही. लिहायला काही नव्हतंच. बायकांनी चपला काढल्या, पदर खोचले. एक जण वाक्य इतकं कंटाळवाणं घेऊन आला की सगळे गप्प बसले, तेव्हा तो चिडून पेट्यांपाशी बसला आणि चांगलं वाक्य शोधायला लागला. मग दुसरेही बसले. आपल्या मुलांसारखेच, पहिली पानं उघडून बघत, एकमेकांपासून पुस्तकं लपवत. मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी मुठीत खडू धरला होता आणि तो मोडून त्याचं पीठ झालं होतं.

एकला जेवण आलं. कोणी उठेना. मी दोनदा सांगितलं, पिठलं गार होतंय. "गार चांगलं लागतं," काका रांगेतून म्हणाले. दोन वाजता कसेबसे जेवले आणि हात पुसत परत आले. अधिकाऱ्यांनी जेवून आल्यावर फाईल पेटीवर ठेवली. थोड्या वेळाने घड्याळ काढून तिच्यावर ठेवलं. मग बूट काढले. मी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

चार वाजता जिन्यावर पावलं वाजली. अध्यक्ष आणि त्यांच्या मागे कॉम्प्युटर क्लासचे मालक, हातात मापाचा टेप. अध्यक्ष दारातून बोलतच आत आले, "काय मॅडम, आटपलं का?" आणि त्यांचा बूट पहिल्या चौकोनाच्या रेषेवर पडला.

"बाद!" मी ओरडले.

एवढ्या मोठ्याने मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. अध्यक्ष थबकले. "कोण बाद?"

"तुम्ही. रेषेवर पाय पडला."

"नियम आहे, अध्यक्ष," काका म्हणाले. "मागे उभे राहा, पाळी येईल. आणि बूट काढा."

क्लासच्या मालकांनी टेप उलगडला होता, त्यांना एक ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "तो गुंडाळा हो आधी, पायात येतोय." त्यांनी घाईघाईने गुंडाळला.

नेमकी पाळी अधिकाऱ्यांची होती. त्यांची ठिकरी चांदणीवर पडली होती आणि ते पुस्तक घेऊन लंगडी घालत परत येत होते. अध्यक्ष चौकोनांच्या कडेकडेने त्यांच्यापर्यंत गेले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "सर, ते खोलीचं काय ठरलं? हे माप घ्यायला आलेत."

"थांबा हो," अधिकारी एका पायावर डोलत म्हणाले. "पाय टेकला तर बाद होईन मी."

अध्यक्ष थांबले. अधिकाऱ्यांनी वाक्य वाचलं. चाळीस जण ओरडले, "पुढे?" अधिकाऱ्यांनी दोन्ही पाय खाली ठेवले, घाम पुसला आणि आम्ही दिवसभर पाहिलं नव्हतं ते हसू त्यांच्या तोंडावर आलं.

"अध्यक्ष, पुढच्या महिन्यात दुसरी तुकडी पाठवतो," ते म्हणाले. "नंतर तिसरी. याच खोलीत. आजच लिहून देतो. मार्गदर्शक याच राहतील." आणि त्यांनी माझ्याकडे हात केला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला कुठे बघावं कळेना, म्हणून मी चौकोनांकडे पाहिलं. अध्यक्षही चौकोनांकडेच पाहत होते. मग क्लासच्या मालकांकडे वळून म्हणाले, "खाली जिन्याशेजारी सामानाची खोली आहे. तिचं माप घ्या." ती खोली त्यांना पुरली. पुढे क्लासची मुलं मधल्या सुट्टीत वर येऊन आमच्या रांगेत उभी राहायची.

पण त्या संध्याकाळी कोणी लगेच खाली गेलं नाही. चहा झाला, लोक पिशव्या उचलायला लागले, तेव्हा बाई म्हणाल्या, "सगळ्यांची झाली? माझी पाळी राहिली."

"अहो मॅडम, पाय!" काका म्हणाले.

"एक पाय सकाळपासून वरच आहे माझा. तुमच्यापैकी कोणालाच एवढा वेळ जमलेलं नाही."

त्यांनी खुर्चीतूनच ठिकरी टाकली. चांदणीवर पडली. मग काका, अधिकारी, क्लासचे मालक आणि बूट काढलेले अध्यक्ष, अशा चौघांनी खुर्चीच्या चार बाजू धरल्या. खुर्ची उचलली. प्लॅस्टरचा पाय सरळ पुढे धरून बाई त्या चौघांच्या मधोमध बसल्या होत्या आणि चौघे रेषा चुकवत, एकमेकांवर ओरडत, एकेक चौकोन ओलांडत होते. "डावीकडे घ्या!" "अहो, रेष!" "हळू, हळू!" बाकी सगळे दोन्ही बाजूंना उभे राहून मोजत होते. पेटीपाशी आल्यावर बाईंनी वाकून एक पुस्तक उचललं. वरात परत फिरली. चांदणीच्या चौकोनावर येऊन थांबली. चौघांनाही दम लागला होता, पण खाली ठेवायचं नव्हतं, अजून वाक्य वाचायचं होतं.

बाईंनी चष्मा नाकावर नीट केला, पान उघडलं आणि खणखणीत आवाजात वाचलं, "मुंगी आपल्या वजनापेक्षा कितीतरी जास्त ओझं सहज उचलते."

हसण्याने खोली दणाणली. खुर्ची हलायला लागली.

"ऐकलंत ना?" बाई म्हणाल्या. "सहज, असं लिहिलंय. हसू नका, पाडाल मला."

"कुठे ठेवू, मॅडम?" अध्यक्षांनी धापा टाकत विचारलं.

"इथेच. चौकोनाच्या आत. रेषेला लागू देऊ नका."

अध्यक्षांनी मान वाकवून चारही पायांखालच्या रेषा नीट पाहिल्या आणि बाईंची खुर्ची आमच्या खोलीच्या मधोमध अलगद टेकवली.